एक हात लगामाला

आमचे आबा बैलगाडी हाकताना विडी ओठांत धरतात आणि काडीपेटी माझ्याकडे देतात. एक हात कासऱ्याला गुंतलेला. उरलेल्या एका हाताने काडी ओढायची कशी? आपल्या ग्रंथालयात जुन्या शस्त्रांवरचे पुस्तक चाळताना अमेरिकन घोडदळाची अडचण मला कळली, ती या विडीमुळे.

१८७३ साली अमेरिकन लष्कराने कोल्ट रिव्हॉल्व्हर स्वीकारले. त्यात सहा गोळ्या. त्या संपल्या की बाजूचे झाकण उघडायचे, नळीजवळची दांडी दाबून एक रिकामे टरफल ढकलायचे, सिलिंडर थोडे फिरवायचे, पुन्हा दांडी दाबायची. असे सहा वेळा! पायी शिपायाला हे जमेल. दौडत्या घोड्यावरच्या स्वाराने काय करावे?

स्मिथ अँड वेसन कंपनीचे १८७० चे रिव्हॉल्व्हर वरच्या बाजूने उघडत असे. पण त्याचा खटका नळीच्या भागावर होता. जॉर्ज स्कोफिल्ड या घोडदळातल्याच अधिकाऱ्याने तो मागे, मुठीकडच्या सांगाड्यावर आणला. सुधारणा एवढीशीच. आता घोडा अर्धा मागे ओढायचा (हा बंदुकीचा घोडा, मराठीने दोघांना एकच नाव देऊन माझी पंचाईत केली आहे), अंगठ्याने खटका खेचायचा आणि नळी मांडीवर दाबायची. नळी बिजागरीवर खाली झुकते, सिलिंडरच्या मध्यातून चांदणीच्या आकाराची पट्टी वर येते आणि सहाही टरफले एकदम बाहेर पडतात. लगामाचा हात लगामालाच राहतो. नवी काडतुसे मात्र एकेक करूनच भरावी लागत.

यात खोट नव्हती असे नाही. दोनच गोळ्या झाडून पूर्ण उघडले, तर उरलेल्या चार चांगल्या गोळ्याही मातीत जात. बिजागरीचा सांधा कोल्टच्या अखंड सांगाड्याइतका दणकट नसे. शिवाय ही शस्त्रे काळ्या दारूसाठी घडवलेली, त्यांत आजचे जोरकस काडतूस घालणे म्हणजे स्वतःचा हात गमावणे. जुने रिव्हॉल्व्हर हाती घेणारा जाणकार नळी माणसांपासून दूर धरतो आणि आधी ते रिकामे असल्याची खात्री करून घेतो.

लष्कराने १८७५ पासून ही स्कोफिल्ड रिव्हॉल्व्हरे ८,००० च्या आसपास घेतली. मग घोळ झाला तो काडतुसांचा. स्कोफिल्डचे आखूड काडतूस कोल्टमध्ये बसे. कोल्टचे लांब काडतूस स्कोफिल्डमध्ये मावत नसे. चुकीची पेटी आली की स्वाराच्या हातात नुसते लोखंड! पुढे दोन्हींत चालणारे आखूड काडतूस निघाले, तरी लष्कराने कोल्टच ठेवले आणि स्कोफिल्ड विकून टाकली. कोठीच्या हिशेबाने ते बरोबर असेल, पण कोठीवाल्याला लगाम धरावा लागत नाही, हेही खरे.

ही शस्त्रे ज्यांच्यावर रोखली गेली, ते तिथले मूळ रहिवासी आपल्याच भूमीसाठी लढत होते. खटक्याचे कौतुक करताना ते माझ्या मनातून जात नाही.

सुटीत आबांना हे सगळे सांगितले. गोळ्यांचे त्यांनी काहीच विचारले नाही. "त्यो सायब सोता घोड्यावर बसत हुता म्हन की," एवढेच म्हणाले, आणि काडीपेटी माझ्यापुढे केली.