पर कुजतात, दोष पाण्याचा

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला येणारी पाहुणे मंडळी परतीच्या वाटेवर आमच्या मालेगावच्या घरी थांबतात. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की बैठकीतील काचेच्या टाकीपाशी गप्पा रंगतात, आणि व्यापारी घरांतील बहुतेकांची तक्रार एकच निघते. गल्ल्याशेजारी मोठ्या हौसेने टाकी ठेवली, पण मासे दोन महिनेही टिकत नाहीत; शेपट्या झडतात आणि एके सकाळी मासा उलटा तरंगताना दिसतो. हीच हकीकत आमच्याकडेही घडली होती. मी बँकेत आयुष्य काढलेला वाणिज्य शाखेचा माणूस. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच सुटला. तरीही गेल्या चार वर्षांत जे वाचले, जाणकारांना विचारले आणि स्वतःच्या चुकांतून कळले, ते लिहून काढावेसे वाटले.

चिरंजीवांनी दुकानाचे नूतनीकरण केले तेव्हा कोणीतरी सल्ला दिला की अमुक कोपऱ्यात टाकी हवी आणि तीत आठ सोनेरी मासे व एक काळा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी अकोल्याहून आली. त्याच दिवशी ती नळाच्या पाण्याने भरली आणि त्याच संध्याकाळी नऊ गोल्डफिश तीत सोडले. तिसऱ्या आठवड्यात माझ्या नातीच्या लक्षात आले की एका माशाच्या शेपटीची कड दुधाळ पांढरी दिसते आहे. दोन-तीन दिवसांत कडेला दाते पडले, वाळवी लागलेल्या जुन्या वहीच्या पानासारखे. परांमध्ये बारीक लाल रेघा उमटल्या. मासा तळाशी बसून राहू लागला आणि आठवडा संपण्यापूर्वी गेला. शेजारचे दुकानदार मित्र सांत्वनाला म्हणाले, "काका, मनाला लावून घेऊ नका. मासा गेला म्हणजे दुकानावरचं संकट त्याच्यावर गेलं. नवा आणून सोडा." नात तिथेच उभी होती. "कोणतं संकट, आजोबा?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

ही समजूत आपल्या बाजारपेठांतून फार पसरली आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहितो. मासा मेला की संकट टळले असे एकदा मनाने घेतले, की तो का मेला हे कोणी विचारत नाही. गोल्डफिश नीट सांभाळला तर वीतभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षे जगतो. तो दोन महिन्यांत मरत असेल तर ते दुकानावरचे संकट नव्हे. टाकीतील पाणीच त्याच्यावर आलेले संकट असते. मासा हा पंचेंद्रिय जलचर जीव. आपण पाणी गाळून पिणारी माणसे. आपल्या डोळ्यांदेखत एक पंचेंद्रिय जीव स्वतःच्याच विष्ठेत गुदमरतो आणि आपण त्याला शुभशकुन म्हणतो, हे मला अजूनही बोचते.

या रोगाला मत्स्यपालनाच्या भाषेत फिन रॉट म्हणतात, म्हणजे पर कुजणे. एरोमोनास, स्युडोमोनास, फ्लेव्होबॅक्टेरियम या वर्गांतील जिवाणू त्याला कारणीभूत होतात. परंतु यांपैकी बरेचसे जिवाणू निरोगी टाकीतही असतात आणि निरोगी माशाचे काही बिघडवत नाहीत. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे कवच होय. पाणी दूषित झाले, गर्दी झाली, तापमान एकाएकी बदलले किंवा दुसऱ्या माशाने पर कुरतडला, की हे कवच दुबळे होते आणि जिवाणूंना वाट मिळते. म्हणून रोग परांवर दिसला तरी मूळ पाण्यात शोधावे लागते. बँकेत थकीत झालेल्या खात्याचे कारण शेवटच्या हप्त्यात कधीच सापडत नसे, तसेच हे.

आमच्या टाकीचा हिशेब मी नंतर मांडला. ६० गुणिले ३० गुणिले ३० सेंटिमीटर, भागिले १०००, म्हणजे ५४ लिटर. दगडगोटे आणि वरची रिकामी जागा वजा जाता ५० लिटरही पाणी नव्हते. एका गोल्डफिशला साधारण ७५ लिटर आणि पुढील प्रत्येकास ४० लिटर पाणी असावे, असे जाणकार सांगतात. आम्ही नऊ मासे कोंबले होते. शोभेच्या गोल बरणीबद्दल तर बोलायलाच नको.

गर्दीने नेमके काय होते? माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत गाळणीच्या स्पंजवर उपकारक जिवाणू वस्ती करून असतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. ही वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडणे म्हणजे भांडवल उभे राहण्यापूर्वीच उधारी वाटणे. चाचणीचा संच मागवून पाहिले तेव्हा अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम निघाला. तो शून्य हवा. शिवाय आमच्या भागातील कूपनलिकेचे पाणी काळ्या खडकातले, जड आणि क्षारयुक्त. अशा पाण्यात, त्यातही उष्णतेत, तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. वऱ्हाडातील मे महिना वाचकांना ठाऊक आहेच. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. त्यात वीज गेली की हवेचा पंपही बंद.

उपचारात पहिले आणि सर्वांत मोठे काम पाणी बदलण्याचे. रोज पाव ते तीस टक्के पाणी नळीने तळातील घाण ओढून काढावे आणि तेवढेच, त्याच तापमानाचे पाणी घालावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. त्या धक्क्यानेही मासा दगावतो. नळाचे ताजे पाणी बादलीत चोवीस तास उघडे ठेवले की त्यातील क्लोरीन बहुतांशी उडून जातो. घाई असेल तर क्लोरीन मारणारे थेंब मिळतात. काढलेले पाणी आमच्याकडे तुळशीला आणि जास्वंदीला जाते. दोघींची प्रकृती उत्तम आहे.

गाळणीचा स्पंज नळाखाली खसाखसा धुणे ही आमची सर्वांत वाईट चूक होती. मोठ्या स्वच्छतेने आम्ही त्या उपकारक जिवाणूंची वस्तीच दर आठवड्याला वाहून टाकत होतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळून परत बसवायचा असतो. हे समजले तेव्हा मला आजी आठवली. पाणी गाळल्यावर फडक्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत ती हळुवार सोडत असे; दुसऱ्या पाण्यात तो जीव जगत नाही, असे सांगत असे. मत्स्यपालनाच्या पुस्तकात मला तीच शिकवण वेगळ्या शब्दांत भेटली.

दुसरा उपाय मिठाचा. साधे जाडे मीठ, लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात आणि गरजेप्रमाणे ३ ग्रॅमपर्यंत. ते भांड्यात विरघळवून दिवसभरात थोडे थोडे घालावे. येथे हिशेबाची एक गफलत हमखास होते. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. त्यामुळे आटलेले पाणी भरताना मीठ घालायचे नाही. जेवढे पाणी काढून बदलले तेवढ्यापुरतेच घालायचे. टाकीत जिवंत वनस्पती किंवा मिशांचे, खवले नसलेले मासे असतील तर मिठाच्या वाटेस जाऊ नये.

मिथिलीन ब्लू हे निळे औषध दुकानदार लगेच हाती ठेवतो. ते मुख्य टाकीत ओतले तर गाळणीतील उपकारक जिवाणूही मरतात आणि अमोनिया पुन्हा वाढतो. आमच्याकडे नेमके असेच झाले आणि दुसरा मासा गेला. औषध द्यायचेच तर आजारी मासा वेगळ्या टबात, हवेच्या पंपासह ठेवून, बाटलीवरील प्रमाणानेच द्यावे. माणसांच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकणारेही मी पाहिले आहेत. ते करू नये. अर्धवट मात्रेने जिवाणू मरत नाहीत, निर्ढावतात. कूज परांच्या मुळापर्यंत पोहोचली, अंगावर जखमा दिसल्या, तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. नागपूर आणि उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत, तेथेही विचारता येते. आणखी एक. हातावर जखम असेल तर टाकीत हात घालू नये, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. माशांचा एक जिवाणू माणसाच्या त्वचेलाही चिवट विकार देतो.

औषधाने जंतू मरतात, मग ते द्यावे का, असे एका श्राविका भगिनींनी मला विचारले. शास्त्रार्थाचा माझा अधिकार नाही. अनुभव एवढाच की पाणी वेळेवर बदलले, तर पुढे ती बाटली उघडावी लागली नाही.

खाद्याचा प्रश्न आपल्या घरांत निराळाच आहे. बाजारातील बहुतेक गोळ्यांत माशांची भुकटी असते. वेष्टन वाचून घ्यावे. गोल्डफिश उकडून साल काढलेला वाटाणा आणि पालक आवडीने खातो. फायटर मासा मात्र मांसाहारी आहे, त्याला शाकाहारी करण्याचा अट्टहास क्रूरपणाच ठरेल. तो आपण आणूच नये. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. आमच्याकडे अष्टमी-चतुर्दशीला मासेही उपवास करतात आणि पाणी त्यामुळे निवळ राहते.

काही जण आजारी मासा पुण्यभावनेने तळ्यात किंवा धरणात सोडतात. हे अभयदान नव्हे. आजारी मासा तेथे जगत नाही आणि त्याचा रोग तेथील माशांना लागतो. परदेशी सकर मासा असाच टाक्यांतून सुटून उजनीच्या जलाशयात पोहोचला आणि तेथील मच्छीमारांची डोकेदुखी झाला.

पुढे आम्ही चार फुटी, दोनशे लिटरहून मोठी टाकी घेतली आणि ती दुकानातून घरात आणली. उरलेल्या सातांपैकी तीन जाणत्या स्नेह्यांच्या मोठ्या हौदात दिले, चार ठेवले. नवा मासा आणला नाही; आणलाच तर तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा असे ठरले आहे. नातीने पाण्याची रोजकीर्द घातली आहे: तारीख, तापमान, अमोनिया, किती पाणी बदलले. पर पुन्हा वाढू लागतो तेव्हा त्याची नवी कड काचेसारखी पारदर्शक असते, हे तिनेच प्रथम पाहिले आणि मला हाक मारली. रोगाची कड दुधाळ, बरे होण्याची कड पारदर्शक. हा फरक ओळखता आला की निम्मी धास्ती कमी होते. काळ्या माशाची शेपटी मात्र एका बाजूला मुळापर्यंत गेली होती, ती तेवढी भरून आली नाही. तो किंचित तिरका पोहतो, आणि वाटाण्यासाठी सर्वांत आधी काचेपाशी येतो.