वाड्यातली फियाट रस्त्यावर आणताना

कारंजा किंवा रिसोडच्या एखाद्या जुन्या वाड्यात तीन-चार दशके उभी असलेली फियाट दिसली, की पहिला मोह होतो तो किल्ली फिरवून पाहण्याचा. नेमका तोच टाळायला हवा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या या मोटारीचे १०८९ सीसीचे इंजिन दणकट खरे. पण दीर्घकाळ बंद राहिल्यास पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटतात. स्पार्क प्लग काढून आत थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मगच इंजिन हाताने फिरवून पाहावे. टाकीतल्या जुन्या पेट्रोलची राळ झालेली असते. टाकी न धुता नवे पेट्रोल भरले, तर ती कार्बोरेटरची छिद्रे बुजवते. ब्रेकची रबरे तर बदलावीच लागतात.

रंगकाम शेवटी. त्याहून अवघड काम कागदपत्रांचे. वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला; त्यामुळे जुन्या नोंदीचा शोध बहुधा अकोल्यापासूनच सुरू करावा लागतो. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो, नित्याच्या वापराची मुभा मात्र नसते. शिवाय सांगाडा आणि इंजिन मूळचेच हवे. डिझेलचे इंजिन बसवून घेतलेल्या फियाटला ही वाट बंद होते.