दोन पडद्यांवरचे दोन खेळ

ऑनलाइन पोकर आणि हॉकी हे दोन खेळ एकाच माणसासमोर, एकाच वेळी, दोन वेगळ्या पडद्यांवर चालू असतात, तेव्हा त्याच्याकडून दोन परस्परविरोधी सवयींची अपेक्षा केली जाते. हॉकीचा चाहता आठ-दहा सामन्यांवरून संघाविषयी ठाम मत बनवतो, आणि तसे केल्याशिवाय त्याला खेळ पाहण्यात रस वाटत नाही. पोकर खेळणाऱ्याने मात्र आठ हजार डावांनंतरही स्वतःच्या कौशल्याविषयी मत राखून ठेवायचे असते. गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर येथे, मुंबईतील कंपनीचे काम घरून करणाऱ्या एका तरुणाच्या खेळात ही ओढाताण दोन पावसाळे जवळून पाहता आली. पुढील विवेचन त्या निरीक्षणावर आधारलेले आहे.

वेळणेश्वर हे शंकराच्या देवस्थानामुळे आणि समुद्रकिनाऱ्यामुळे ओळखले जाणारे गाव आहे. हॉकीशी त्याचा संबंध पडद्यापुरताच. महाराष्ट्रात हॉकी रुजली ती पुण्याजवळच्या खडकीत, जिथून धनराज पिल्ले पुढे आले आणि चार ऑलिंपिक खेळले, आणि मुंबईच्या मैदानांवर. कोकणातल्या गावांनी कबड्डी आणि टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट जवळ केले. २०२१ मध्ये टोकियो येथे भारताने ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवल्यानंतर मात्र, ज्यांनी हातात कधी हॉकी स्टिक धरली नाही अशा घरांतूनही सामने पाहिले जाऊ लागले. पत्त्यांचे तसे नाही. मेंढीकोट, रमी आणि तीनपत्ती यांची ओळख कोकणात कोणाला करून द्यावी लागत नाही, आणि गणपतीत रात्र जागवायला भजनाइतकाच पत्त्यांचा आधार घेतला जातो.

पोकरचा जो प्रकार ॲपवर सर्वाधिक खेळला जातो त्याला टेक्सास होल्डम म्हणतात. प्रत्येक खेळाडूला दोन बंद पाने मिळतात, मग टेबलाच्या मध्यावर सर्वांसाठी सामायिक अशी पाच पाने आधी तीन, मग एक आणि शेवटी एक या क्रमाने उघडली जातात, आणि त्या सात पानांतून उत्तम पाच पानांची जुळणी ज्याची त्याचा डाव. पाने उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक टप्प्यावर बोली होते; बोली न पेलणाऱ्याने पाने टाकायची, म्हणजे तीनपत्तीच्या भाषेत पॅक करायचे. दर डावात दोन खेळाडूंना पाने पाहण्यापूर्वीच ठरलेली रक्कम लावावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात, आणि त्यातील मोठी रक्कम हेच खेळाचे मोजमाप असते. येथील तरुण एक-दोन रुपयांच्या टेबलावर, म्हणजे दोन रुपयांच्या मोठ्या ब्लाइंडवर, दोनशे रुपये घेऊन बसत असे. बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात आणि त्यांतील फक्त सहा प्रकार एक्क्यांच्या जोडीचे असल्यामुळे ती जोडी सरासरीने २२१ डावांत एकदा मिळते. यावरून उरलेल्या डावांत काय करायचे असते हे लक्षात यावे : बहुतेक वेळा पाने टाकायची आणि वाट पाहायची. या रिकाम्या वेळेतच हॉकीला जागा मिळते.

४ ऑगस्ट २०२४ रोजी, रविवारी, पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत भारत आणि ग्रेट ब्रिटन यांचा सामना दुपारी दीड वाजता सुरू झाला. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती. गावात गटारीचा बेत होता आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या श्रावणी सोमवारची देवळात तयारी चालली होती. अशा पावसात मोबाइलची रेंज भरवशाची नसते, आणि पोकरमध्ये त्याला किंमत आहे, कारण प्रत्येक निर्णयाला पंधरा-वीस सेकंद आणि त्यावर थोडा राखीव वेळ एवढीच मुदत असते. त्या अवधीत संपर्क तुटला तर ॲप बहुधा खेळाडूची पाने आपोआप टाकते. म्हणून थेट प्रक्षेपण एका फोनवर घराच्या वायफायवर आणि टेबल दुसऱ्या फोनवर सिमकार्डाच्या डेटावर, अशी वाटणी केलेली असे. प्रक्षेपण काही सेकंद मागे चालत असल्यामुळे गोल झाल्याची बातमी मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर आधी पोहोचे, आणि तो गट सामना संपेपर्यंत बंद ठेवणे हाही तयारीचाच भाग होता.

सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि उरलेली सुमारे ४३ मिनिटे भारताला दहा जणांनिशी काढावी लागली. बाविसाव्या मिनिटाला हरमनप्रीत सिंगने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. गोलसमोरच्या अर्धवर्तुळात बचाव करणाऱ्या संघाकडून नियमभंग झाल्यास पेनल्टी कॉर्नर दिला जातो : गोलखांबापासून किमान दहा मीटरवरून, मैदानाच्या मागच्या सीमारेषेवरच्या जागेवरून, चेंडू मैदानात ढकलला जातो, गोलरक्षक धरून पाच बचावपटू रेषेमागून धावत येतात, आणि चेंडू वर्तुळाबाहेर गेल्याशिवाय गोलवर फटका मारता येत नाही. मांडणी करण्यासाठी घड्याळ चाळीस सेकंद थांबवले जाते. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हे चाळीस सेकंद सामन्यातले सर्वांत ताणाचे असतात. दुसऱ्या फोनवर नेमका त्याच वेळी निर्णय मागितला जात असेल तर काय होते, ते त्या दुपारी दिसले.

तरुणाच्या हातात दोन बदामाची पाने होती आणि उघडलेल्या तीन पानांत आणखी दोन बदाम आले होते. पाचवा बदाम आला तर डाव बहुधा त्याचा, आणि न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम शिल्लक. पुढच्याच पानाला बदाम येण्याची शक्यता म्हणून शेकडा १९. मध्यात १२० रुपये होते आणि प्रतिस्पर्ध्याने ६० लावले. ६० घालून एकूण २४० च्या राशीसाठी झुंजायचे, तर शेकडा २५ शक्यता असल्याखेरीज तो सौदा त्या एका पानापुरता परवडत नाही. नंतर आणखी पैसे वसूल होतील अशी खात्री असली तरच डावात थांबावे. हा हिशेब सरावलेल्या खेळाडूला पाच सेकंदांचा असतो. तरुणाने तो केला नाही. भारताचे खेळाडू वर्तुळाच्या टोकाशी उभे राहत असताना त्याने पोकरच्या पडद्याकडे न पाहता ६० रुपये लावून टाकले. बदाम आला, राशी त्याला मिळाली, आणि गोलही झाला. शिकण्याच्या दृष्टीने यापेक्षा वाईट निकाल लागला नसता, कारण चुकीच्या निर्णयाला बक्षीस मिळाले आणि त्या बक्षिसाला गोलचा आनंद येऊन चिकटला. सत्ताविसाव्या मिनिटाला ब्रिटनने बरोबरी साधली, आणि एक-एक अशा स्थितीतून भारताने शूटआउटमध्ये ४-२ असा विजय मिळवला, ज्यात खेळाडूला २३ मीटर रेषेवरून निघून आठ सेकंदांत गोलरक्षकाला चुकवायचे असते.

दोन रात्रींनंतर जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना साडेदहाला सुरू झाला. बरोबरीत चाललेल्या सामन्यात चोपन्नाव्या मिनिटाला गोल होऊन भारत ३-२ असा हरला. त्यानंतर पोकरचे टेबल मध्यरात्र उलटून बराच वेळ चालू राहिले. रागाच्या किंवा निराशेच्या भरात निर्णय बिघडण्याच्या अवस्थेला पोकरमध्ये टिल्ट म्हणतात, आणि तिचे कारण बहुधा टेबलावरच शोधले जाते. येथे ते टेबलाबाहेरून, पॅरिसच्या मैदानावरून आले होते. ज्या पराभवावर हाताने काहीच करता येत नाही त्याची भरपाई जिथे हाताने काहीतरी करता येते तिथे शोधली जाते. बोली वाढवण्याचे बटण तसे सोयीचेच असते.

चढउताराचे प्रमाण आकड्यांत मांडल्याशिवाय या नादाचे स्वरूप कळत नाही. दर शंभर डावांमागे पाच मोठे ब्लाइंड जिंकणारा खेळाडू चांगला समजला जातो, पण त्याच शंभर डावांत निकाल या सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण नव्वद ब्लाइंडपर्यंत सहज हेलकावतो. या पसाऱ्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. दहा हजार डावांनंतर अपेक्षित कमाई ५०० ब्लाइंड होते, तर विचलन ९००, म्हणजे सहा जणांच्या टेबलावर हा चांगला खेळाडूही तेवढ्या डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता दहातल्या तीन वेळांच्या आसपास असते. एका टेबलावर ताशी साठ ते ऐंशी डाव होतात हे लक्षात घेतले, तर दहा हजार डाव म्हणजे कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी, आणि त्या संपल्यावरही खेळाडूला आपण शहाणे आहोत की सुदैवी हे सांगता येत नाही. लाखभर डावांनंतर ती शक्यता शेकडा चारांवर येते. पण लाखभर डाव होईपर्यंत नोकरी, झोप आणि घरच्यांचा संयम यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

त्यात प्रत्येक राशीतून ॲपचा हिस्सा जात असे. पत्त्यांच्या अड्ड्यावर ज्याला नाल म्हणतात तोच येथे रेक, सामान्यतः शेकडा पाच आणि त्याला वरची मर्यादा. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकण्यावर शेकडा ३० करकपात आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून भरलेल्या रकमेवर शेकडा २८ वस्तू व सेवा कर आला. एका आर्थिक वर्षातला तोटा पुढच्या वर्षाच्या जिंकण्यातून वजा होत नसल्यामुळे, ज्या खेळाचे खरे उत्तर अनेक वर्षांच्या सरासरीत आहे त्यावर कर मात्र वर्षावर्षाने तुकडे पाडून बसे.

पोकर कौशल्याचा की दैवाचा, यावर न्यायालयांचे एकमत झाले नाही : गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवले, मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कौशल्याचा खेळ मानले, आणि महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातील कौशल्याच्या खेळांना वगळणारी तरतूद पुढे करून ॲप चालत राहिली. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये हा वादच बाजूला सारला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने, कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या ॲपनी त्याच आठवड्यात पैशांची टेबले बंद केली. उरली ती फुकट चिपांची टेबले, जिथे हरण्यासारखे काही नसल्यामुळे कोणी पाने टाकत नाही, आणि कोणी पाने टाकत नाही म्हणून थाप मारून डाव जिंकण्याला अर्थ उरत नाही.

गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि २९ तारखेला बिहारमधील राजगीर येथे आशिया चषक हॉकी सुरू झाली, त्यामुळे वेळणेश्वरातल्या त्या घरात गणपतीच्या दिवसांत एकच फोन चालू राहिला. आदल्या वर्षी पॅरिसमध्ये भारताने आठ सामन्यांत १५ गोल केले होते आणि १२ स्वीकारले होते. त्या १५ पैकी दहा एकट्या हरमनप्रीतचे. एवढ्या थोड्या आकड्यांवर संघाची घडण, बचावाची मांडणी आणि प्रशिक्षकाचे धोरण यांविषयीचे सगळे वाद उभे असतात. राजगीरला पहिल्या सामन्यात भारताने चीनला कसेबसे ४-३ असे हरवले आणि आठ दिवसांनी त्याच चीनला ७-० असे. दक्षिण कोरियाशी आधी २-२ अशी बरोबरी झाली आणि ७ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात ४-१ असा विजय, ज्यात चौथा गोल रोहिदासचा होता. पोकरच्या तोट्याविषयी विचारले असता अजून पुरेसे डाव झाले नाहीत असे सांगणारा तो तरुण, आरतीला आलेल्या पाहुण्यांना चीनचा बचाव आठ दिवसांत नेमका कुठे ढासळला हे प्रसादाच्या ताटावर खोबऱ्याचे तुकडे मांडून समजावत होता. ४-३ आणि ७-० या दोन निकालांमधला काही भाग नुसत्या हेलकाव्याचा असू शकेल ही शक्यता त्याने एकदाही बोलून दाखवली नाही, आणि पाहुण्यांनाही तिची उणीव भासली नाही.