वेशीवरचा डिंक

सोलापूरकराला वेस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाळी वेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस. मधमाश्यांच्या घरालाही अशी वेस असते आणि ती त्या तपकिरी, चिकट डिंकानं लिंपून अरुंद करतात. त्या डिंकाचं ग्रीक नाव प्रोपोलिस. ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘पोलिस’ म्हणजे नगर. वेशीवरचा, म्हणा ना!

मी तो पहिल्यांदा हातात घेतला सांगोल्याकडच्या एका डाळिंबाच्या बागेत. बहर धरलेला, परागीभवनासाठी मेलिफेरा माश्यांच्या पेट्या मांडलेल्या. आपली देशी सातेरी माशी या डिंकाच्या वाटेला फारशी जात नाही. मेलिफेराला मात्र त्याचा भारी सोस. चौकट पेटीला अशी चिकटलेली की पेट्या सांभाळणाऱ्या काकांनी पटाशी घालून ती उचकटली. खरवडून निघालेला गोळा उन्हानं मऊ झालेला, ओढला की तार सुटायची. वास राळेचा.

“फेकूनच देतो आम्ही,” काका म्हणाले. “हाताला लागला की रॉकेलशिवाय निघत नाही.”

या डिंकात साधारण निम्मी झाडांची राळ, तीसेक टक्के मेण, बाकी सुगंधी तेलं, पराग वगैरे. पेटीत शिरून मेलेला उंदीर माश्यांना बाहेर ओढता येत नाही. मग त्या त्याला याच डिंकात गुंडाळतात, म्हणजे घरात सड पसरत नाही. राळेतल्या फ्लेव्होनॉइड आणि फिनॉलिक द्रव्यांचा हा प्रताप. प्रयोगशाळेच्या बशीत ती लीशमानियासारख्या परजीवींनाही मारतात.

पण बशी वेगळी, माणूस वेगळा. राळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पोटात गेली तरी रक्तात थोडीच उतरते. इथे नॅनोकण कामाला येतात. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2016 साली तिथल्या लाल प्रोपोलिसचा अर्क पॉलिकॅप्रोलॅक्टोन या शरीरात हळूहळू विरणाऱ्या पॉलिमरमध्ये कोंडला. कण 200 ते 280 नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत असे तीनेकशे मावतील. कोंडल्यावरही अर्काचा लीशमानियाला मारण्याचा गुण टिकला. हे बशीतलंच यश. औषध म्हणून मान्यता अजून दूर.

तरी कल्पना हवेतली नाही, याचा दाखला बिहारमध्ये आहे. लीशमानियाच काळा आजार घडवतो. हा परजीवी आपल्याच भक्षक पेशींत लपतो, आणि रक्तात परके सूक्ष्म कण दिसले की गिळायचे हा त्या पेशींचा धर्म. म्हणजे औषध कणात भरलं की चोराच्या घरचा माणूसच ते आत नेतो. अँफोटेरिसिन-बी हे जुनं, मूत्रपिंडांना जाचक औषध. एक दिवसाआड 15 वेळा सलाईनमधून द्यायचं, रुग्ण महिनाभर खाटेवर. तेच मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून एकदाच दिलं. मुझफ्फरपूरच्या या चाचणीचे निकाल 2010 साली छापून आले: सहा महिन्यांनंतर जवळपास 96 टक्के बरे, जुन्या पद्धतीइतकेच.

असाच पेच घराजवळही आहे. सोलापूर जिल्ह्याचं नाव हत्तीरोगाच्या यादीत आहे. हत्तीरोगाच्या मोहिमेत वाटलेल्या गोळ्या रक्तातली कृमींची पिल्लं मारतात. लसिकावाहिन्यांत ठाण मांडलेल्या मोठ्या कृमींवर त्यांची मात्रा तितकी चालत नाही. तिथेही अडचण पत्त्यावर पोहोचण्याची.

प्रोपोलिसची आणखी एक खोड आहे. झाड बदललं की माल बदलतो. ब्राझीलचा लाल निराळा, हिरवा निराळा, युरोपातला पॉप्लरच्या राळेचा तिसराच. गोळीत मात्र दर खेपेला तेच द्रव्य तेवढंच लागतं. शिवाय काहींच्या कातडीवर त्यानं पुरळ उठतं.

हे सगळं ऐकून काकांनी गोळा नाकाशी नेला. “मग शेळ्यांच्या जंतावर देऊन बघू का?”

“नको. डॉक्टरांनी दिलेलंच औषध पाजा.”

“बरं,” म्हणाले, आणि त्या दिवशी गोळा फेकला नाही. तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवला.