‘सर्व खर्च समाविष्ट’ सहल : मुलांसह निघण्यापूर्वी

कौटुंबिक सहलींच्या जाहिरातींत ‘सर्व खर्च समाविष्ट’ हे शब्द हमखास आढळतात. प्रवास, निवास, भोजन आणि स्थलदर्शन यांचे पैसे एकदाच भरावेत व पुढे निश्चिंत राहावे, अशी ही कल्पना. लहान मुले बरोबर असणाऱ्या पालकांना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या ‘सर्व’ शब्दाची व्याप्ती प्रत्येक पत्रकात निराळी असते, आणि वाद बहुधा तेथेच निर्माण होतो.

कल्पना तशी जुनी आहे. थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमधील लेस्टर ते लाफबरो ही रेल्वे सहल माणशी एक शिलिंग आकारून घडवून आणली. १९५० मध्ये गेरार्ड ब्लिट्झ यांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबूंची वसाहत उभारली. तेथे राहणे, जेवण आणि खेळ यांची एकच रक्कम घेतली जाई. ‘क्लब मेड’ ही संस्था त्यातूनच वाढली. मराठी सहल व्यावसायिकांनी या पद्धतीला स्वतःच्या स्वयंपाकघराची जोड दिली. आचारी बरोबर असल्यामुळे हिमालयाच्या पायथ्याशीही वरण-भात मिळू लागला, ही सोय मुलांच्या दृष्टीने लहान नव्हे.

हॉटेलच्या दरपत्रकातील संज्ञा प्रथम समजून घ्याव्यात. ‘ईपी’ म्हणजे केवळ खोली, ‘सीपी’ म्हणजे खोली व न्याहारी, ‘एमएपी’ म्हणजे न्याहारी आणि एक वेळचे जेवण, तर ‘एपी’ म्हणजे न्याहारीसह दोन्ही जेवणे. अनेक स्वस्त सहली ‘एमएपी’ तत्त्वावर असतात. दुपारचे जेवण मग रस्त्यावरील ढाब्यावर व स्वखर्चाने होते. चौघांच्या कुटुंबाला सहा दिवसांत हा खर्च चांगलाच जाणवतो.

सिमला-मनाली या लोकप्रिय सहलीचे उदाहरण पाहता येईल. पत्रकात रोहतांग खिंडीचे छायाचित्र ठळक असते, पण खाली बारीक अक्षरांत ‘रोहतांग स्वखर्चाने’ असा उल्लेख आढळतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर तेथे जाणाऱ्या पर्यटक वाहनांच्या संख्येवर मर्यादा आली असून परवाना आगाऊ घ्यावा लागतो. खिंडीची उंची ३,९७८ मीटर आहे. इतक्या उंचीवर लहान मुलांना डोकेदुखी, मळमळ असा त्रास होऊ शकतो. त्यामुळे मनालीत पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी खिंड गाठणारा कार्यक्रम टाळलेला बरा. सिमला ते मनाली हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर कापण्यास सात-आठ तास लागतात. वळणांचा रस्ता, बंद मोटार आणि सकाळचा भरपेट नाश्ता या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की काय होते हे पालकांना सांगावयास नको.

मुलांचे भाडे हा दुसरा गोंधळाचा विषय. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांखालील मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे भरावे लागते. बर्थ नको असल्यास निम्मे. विमानात दोन वर्षांखालील बालक पालकांच्या मांडीवर प्रवास करते. सहलीदरम्यान वाढदिवस येत असेल तर परतीच्या प्रवासासाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. हॉटेलची वयोमर्यादा आणखी वेगळी असते; शिवाय ‘अतिरिक्त गादीसह’ आणि ‘गादीविना’ असे दोन दर असतात. वयाचा पुरावा जवळ ठेवावा. परदेशी जायचे असल्यास तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पारपत्र लागते.

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. त्यामुळे मे महिन्यातील सहलीची ‘पक्की तिकिटे’ जानेवारीतच देऊ करणाऱ्या विक्रेत्याला, ती कोणत्या आधारावर पक्की आहेत, असे विचारणे योग्य ठरेल. तिकीट न मिळाल्यास पर्यायी व्यवस्था कोणती आणि तिचा खर्च कोणाकडे, हेही लेखी घ्यावे. सहल रद्द केल्यास होणारी कपात प्रस्थानाचा दिवस जवळ येईल तशी वाढत जाते. मुलांची आजारपणे मात्र सूचना देऊन येत नाहीत, म्हणून कपातीचा तक्ता पैसे भरण्यापूर्वी वाचलेला चांगला.

कार्यक्रमपत्रिकेत एका दिवसात सहा ‘पॉइंट’ असतील तर त्यातले दोन गाडीतूनच दिसणार, असे समजावे. रात्रीचे जेवण किती वाजता सुरू होते, दूध गरम करून मिळते का, खोल्या कोणत्या मजल्यावर आहेत, हे साधे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

ठरलेली सेवा न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. इंदूर, बडोदा वा हैदराबाद येथील कुटुंबाने मुंबईच्या कंपनीकडून सहल घेतली असली, तरी मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. त्यासाठी मूळ पत्रक, पावत्या व भ्रमणध्वनीवरील संदेश जपून ठेवावे लागतात. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ हा आहे.