गच्चीवर लाटलेला धंदा

पापड भाजायला किती वेळ लागतो? गॅसवर धरला, फिरवला, उलटला की झाला! खायला तर त्याहूनही कमी. पण तोच पापड करायचा म्हटलं तर? उडदाची डाळ दळून आणा, त्यात मिरी, हिंग, पापडखार घाला, पीठ घट्ट भिजवा, तेलाचा हात लावून कुटा, लाट्या करा. मग एकेक लाटी सगळीकडे सारखी आणि अगदी पातळ लाटा. एवढं करून भागत नाही, वाळवायला ऊनही हवं.

आता शहरातलं एक घर डोळ्यांपुढे आणा. आईबाबा दोघंही नोकरीला जातात, गच्ची नाही, ऊन खिडकीत तासभर डोकावून जातं. पापड मात्र सगळ्यांना आवडतात. त्याच शहरात दुसरं एक घर आहे. तिथल्या बाईंचा हात पापड लाटण्यात तरबेज आहे, दुपारी त्यांना थोडा वेळही असतो, पण हातात स्वतःचा असा पैसा नाही. ही दोन घरं एकमेकांना ओळखत नाहीत. एका घरात गरज आहे, दुसऱ्या घरात कसब आहे आणि मध्ये कोणीच नाही. ती गरज आणि ते कसब यांची गाठ रोज, नेमानं, हिशेब ठेवून घालून देणं म्हणजे व्यवसाय. आपण ज्याला साध्या भाषेत धंदा म्हणतो, तोच.

कोपऱ्यावरचं किराणा दुकान हेच करतं, सायकलचं पंक्चर काढणारे काकाही हेच करतात. पण मला तुम्हाला सांगायची आहे मुंबईतल्या एका गच्चीची खरीखुरी गोष्ट.

तारीख होती 15 मार्च 1959. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पोळपाट-लाटणी घेऊन बसल्या. त्यांच्यापैकी एक होत्या जसवंतीबेन पोपट. या बायकांकडे कसब भरपूर होतं, पण पीठ-मसाला आणायला पैसे नव्हते. छगनलाल करमसी पारेख नावाच्या समाजसेवकाकडून त्यांनी 80 रुपये उसने घेतले. धंदा सुरू करायला जे पैसे आधी घालावे लागतात, त्यांना भांडवल म्हणतात. यांचं भांडवल एवढंच! त्या दिवशी पापडांची चार पाकिटं तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला गेली.

पुढचं समजण्यासाठी एक मनानं रचलेलं गणित करू. समजा, सामानाला 80 रुपये लागले, लाटणाऱ्यांच्या मजुरीला 20 आणि पाकिटं, वाहतूक वगैरेला 5. एकूण खर्च 105. पापड विकून 115 रुपये आले, तर उरलेले 10 रुपये हा नफा. आणि 100 च आले तर? 5 रुपये तोटा. मग उद्या तेवढं सामानच आणता येणार नाही, म्हणजे पापडही कमी आणि मजुरीही कमी. म्हणून नफ्याला नाकं मुरडू नयेत. धंदा चालू ठेवायचा तर तो लागतोच.

तोट्याचा धोका या सात जणींनाही होताच. तरी त्यांनी ठरवलं, की तोटा झाला तरी कोणाची देणगी घ्यायची नाही. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. त्यांना दया नको होती, कामाचे पैसे हवे होते.

लवकरच पाऊस आला. ऊन नाही म्हणजे पापड वाळणार नाहीत! पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनी युक्ती काढली. एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. बाहेर धो धो पाऊस आणि आत पापड कडकडीत! पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये झाली होती. तुटलेले पापड विकायचे नाहीत, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकायचे, असा रिवाज होता. त्या इमारतीतल्या मुलांची काय चंगळ झाली असेल!

एकदा या बायकांच्या मनात आलं, की उत्तम पापडांबरोबर थोडे हलके, स्वस्त पापडही करावेत. छगनलालभाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या छगनबापांनी, त्यांना अडवलं. पापड करायचे तर चांगलेच, दर्जात तडजोड नाही, असं त्यांचं म्हणणं. का बरं? विचार करा, दुकानात पाकीट हातात घेतल्यावर आतला पापड कसा आहे ते कळतं का? घरी जाऊन तळल्यावरच कळतं. गिऱ्हाईक पैसे आधी देतं आणि चव नंतर घेतं. मधल्या वेळात त्याच्याकडे असतो फक्त विश्वास. एकदा फसलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. पाकिटावरच्या नावाला किंमत येते ती अशी. या पापडांना 1962 मध्ये नाव मिळालं, ‘लिज्जत’. हो, तेच पाकीट, जे तुमच्याही स्वयंपाकघरात असेल!

तिसऱ्या वर्षापर्यंत बायकांची संख्या तीनशेच्या वर गेली. एवढ्या जणी बसणार कुठे? मग भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, तिथे लाटायचं आणि तयार पापड परत आणून द्यायचे, अशी पद्धत सुरू झाली. आणलेले पापड तपासायचे, वजन करायचं, लाटणावळ चुकती करायची. घर सांभाळून कमाई करता येऊ लागली.

आता खरा प्रश्न. खर्च जाऊन जो नफा उरतो, तो कोणाचा? उत्तर सोपं आहे, जो मालक त्याचा. एकट्याचं दुकान असेल तर त्याचा, भागीदारी असेल तर भागीदारांचा, मोठी कंपनी असेल तर तिचे शेअर घेणाऱ्या सगळ्यांचा. एसटीसारखे काही उद्योग सरकारचे असतात, तिथे फक्त नफा पाहत नाहीत. फारसे प्रवासी नसलेल्या गावालाही एसटी जाते, कारण तिथल्या मुलांनाही शाळेत पोचायचं असतं. ‘लिज्जत’मध्ये मात्र पापड लाटणारी प्रत्येक बाईच मालक! तिला तिथे ‘बहीण’ म्हणतात. नफ्यात तिचा वाटा असतो आणि तोटा झाला तर त्यातही. आज अशा 40 हजारांहून जास्त बहिणी आहेत. जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

तुम्ही विचाराल, एवढा मोठा उद्योग, मग पापड लाटायला यंत्र का नाही आणत? पापड लाटणारी यंत्रं बाजारात मिळतात. यंत्र भराभर लाटेल, थकणार नाही, पापडही स्वस्त पडेल. फक्त नफाच पाहायचा असता, तर ‘लिज्जत’नं ते कधीच आणलं असतं. पण हा धंदा सुरूच झाला होता बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. यंत्र आणलं तर पापड राहतील, पण ज्यांच्यासाठी ते करायला घेतले त्या बहिणींचं काम जाईल. म्हणून डाळ दळायला तिथे गिरणी आहे, लाटणं मात्र आजही बहिणींच्याच हातात आहे.