पहाटेचा गोठा, अर्धा मफलर आणि माझे पडून राहिलेले ८८ स्वेटर



हिवाळ्याच्या मालावरचा व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला. व्हिडिओत वेळ कमी होता, त्यामुळे आकडे आणि बारकावे सांगायचे राहिले. ते इथे सविस्तर लिहितो. माझी चूक आधी सांगतो, कारण या चुकीनं मला जे शिकवलं ते बीबीएच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

माझं कपड्यांचं दुकान कुंभारीत. सोलापूर सोडून अक्कलकोट रोडला लागलात की आमचं गाव. कुंभारी म्हटलं की बाहेरच्यांना विडी कामगारांची घरं आठवतात. २००६ साली इथं गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरं झाली, आणि १९ जानेवारी २०२४ ला रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. म्हणजे गिऱ्हाईक वाढलं. पण गावाची दुसरी बाजूही आहे. शेती, दोन-चार म्हशी, एखादी जर्शी गाय आणि पहाटे डेअरीला जाणारा दुधाचा कॅन.

मी बघितली फक्त पहिली बाजू. "एवढी वस्ती वाढली, स्वेटर तर खपणारच," असं म्हणून दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर होलसेलमधून १४० स्वेटर उचलले. पातळ, फॅन्सी, पुढे डिझाईन. एक नग ३२० ला पडला. गुंतवणूक ४४,८०० रुपये. सोबत झालरवाले लांब मफलर.

संक्रांत गेली तेव्हा ५२ स्वेटर खपले होते. उरले ८८. म्हणजे २८,१६० रुपये कपाटात घडी घालून बसले. आपल्याकडं थंडी दिवाळी ते संक्रांत, फार तर जानेवारी अखेर. फेब्रुवारीत दुपारी पंखा लागतो. स्वेटर कोण घेणार?

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट त्याच डिसेंबरात घडली.

अर्धा मफलर

एका सकाळी शटर वर करतोय तोच एक काकू आल्या. त्यांच्याकडं सहा म्हशी. त्यांनी पदराखालून मफलर काढला आणि काउंटरवर ठेवला. आमच्याच दुकानातला, पण निम्माच.

"बग बाळा. निम्मा कुट्टीनं खाल्ला."

पहाटे अंधारात कडबाकुट्टीत वैरण सारताना मफलरचं टोक मशीनच्या पट्ट्यात गेलं होतं. गळ्याला गाठ नव्हती, नुसते दोन वेढे होते, म्हणून ते सुटले. मुलगा शेजारीच होता, त्यानं बटण बंद केलं. काकूंच्या मानेवर लाल वळ उठला होता, बाकी काही झालं नव्हतं.

मी गल्ला उघडला. त्या म्हणाल्या, "पैसे नको मला. पन दुसऱ्या कुनाला गोठ्यात घालाय देऊ नको ह्यो."

मी काय बोलणार? मफलर विकताना मी एकदाही विचारलं नव्हतं, "काकू, हा कुठं घालणार?" रंग दाखवला, भाव सांगितला, पिशवीत घातला. लग्नाला घालायचा मफलर आणि कुट्टीपुढं घालायचा मफलर यात फरक असतो, हे दुकानदारानं सांगायचं नाही तर कुणी?

तीन पहाटा गोठ्यात

दुसऱ्या दिवशी काकूंना विचारून मी त्यांच्या गोठ्यात गेलो. असा सलग तीन दिवस गेलो. वही घेऊन एका कोपऱ्यात उभा राहिलो. मार्केट रिसर्च म्हणजे गुगल फॉर्म नव्हे मित्रांनो, कधीकधी तो शेणाच्या वासात उभं राहून करावा लागतो.

काय दिसलं ते क्रमानं सांगतो.

साडेचारला उठून पहिलं काम शेण काढणं. घरातून बाहेर आल्यावर अंगात हुडहुडी असते. पण पंधरा मिनिटं फावडं चाललं की घाम येतो. मग पाणी मारून गोठा धुणं, पाय ओले. मग कुट्टी. मग कोमट पाण्यानं कास धुणं आणि धार. धार काढायला बसलं की अंगाची हालचाल थांबते, आलेला घाम गार पडतो आणि खरी थंडी तेव्हा वाजते. साडेसहाला कॅन डेअरीला. आठ वाजेपर्यंत ऊन तापतं आणि अंगावरचं सगळं नकोसं होतं.

म्हणजे साडेतीन तासांत थंडी, घाम, ओल, पुन्हा थंडी आणि मग ऊन. आपल्याकडं थंडीत पहाटे पारा साधारण १५ अंशांच्या आसपास, लाट आली की त्याच्याही खाली. आणि दुपारी तीसच्या घरात. काश्मीरचं जॅकेट इथं कामाचं नाही. इथं लागतो असा कपडा जो एकेक करून काढता येईल.

काकूंच्या अंगावर काय होतं? साडी, त्यावर मामांचा जुना फुल शर्ट, त्यावर विटलेला स्वेटर, डोक्याला टॉवेल. आमच्या भागात गोठ्यातल्या बाया असंच घालतात. मी विचारलं, "आमचा नवीन स्वेटर का नाही घालत?"

त्यांनी जी यादी सांगितली ती मी जशीच्या तशी वहीत घेतली:

- कडब्याची कुसळं विणीत अडकतात, धुतली तरी निघत नाहीत, अंगाला टोचतात.
- बाही ढिली, धार काढताना बादलीत बुडते.
- पुढं उघडत नाही. घाम आला की डोक्यावरून काढावा लागतो, आणि हात शेणाचे.
- साडीवरून घालायला कमरेला आवळतो.

आणि जॅकेट? शेजारच्या मुलानं चकचकीत नायलॉनचं जॅकेट घातलं होतं. हात हलला की खसखस आवाज. म्हैस बुजली आणि पान्हा चोरला. घाबरलेलं जनावर दूध नीट सोडत नाही, हे शास्त्रही सांगतं. भीतीनं शरीरात जो बदल होतो तो पान्हा रोखतो. म्हणजे चुकीच्या कपड्यानं थंडीचा प्रश्न सुटत नाही तो नाहीच, वर दूधही कमी येतं.

ऊब कशानं येते?

कपडा स्वतः गरम नसतो. कपड्यात अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले. दुसरी गोष्ट, सुती कपडा घाम पितो आणि ओलाच राहतो. ओला सुती कपडा अंगाला चिकटला की ऊब जाते. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते.

आपल्या जुन्या लोकांना हे माहीतच होतं. धनगराची घोंगडी घ्या. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. सणगर विणकर ती खड्ड्यातल्या मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात. घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली की वारा अडतो आणि पावसाचं पाणीही लगेच आत येत नाही. रानात राखणीला बसणाऱ्यासाठी याच्याइतकं चांगलं काही नाही. पण घोंगडी घेऊन धार काढता येत नाही आणि कुट्टीपुढं तर नकोच. आपल्या सोलापुरी चादरीचंही तसंच. जीआय मिळालेली, जगभर नाव असलेली, पण ती सुती आणि पांघरायची. बसणाऱ्याचा कपडा वेगळा, राबणाऱ्याचा वेगळा.

मग बनवला गोठा सेट

माझ्या गावापासून सोलापूर जवळ, आणि सोलापूर शाळेच्या युनिफॉर्मसाठी देशभर प्रसिद्ध. म्हणजे जाड ड्रिल कापड, बटणं, शिवणारे हात, सगळं हाताशी. युनिफॉर्मचं काम जूनच्या आधी जोरात असतं, दिवाळीनंतर हात मोकळे. वसाहतीतल्या दोन ताई घरी मशीनवर शिवण करतात, त्यांच्याशी बोललो. पुढच्या हिवाळ्यासाठी चार वस्तूंचा सेट ठरवला:

१. आत अंगाबरोबरचं फुल बाह्यांचं थर्मल. बाही घट्ट, कोपरापर्यंत वर सरकवता येते.

२. मध्ये फ्लीसची बिनबाह्यांची बंडी. छाती-पाठ गरम, हात मोकळे.

३. वर सुती ड्रिलचा मांडीपर्यंतचा कोट. कुसळ चिकटत नाही, आवाज होत नाही. पुढून पूर्ण उघडतो. मनगटाला बटणपट्टी. दोन्ही बाजूंना कट, म्हणजे साडीवर नीट बसतो. टोपी नाही, नाडी नाही, लोंबणारं काहीही नाही.

४. मफलरऐवजी कानटोपी. गोंडा नसलेली.

एकदम पन्नास शिवले नाहीत. आधी तीन नमुने केले आणि तीन गोठ्यांत आठ दिवस वापरायला दिले. बरं झालं! चेनमध्ये भुसा अडकला, म्हणून चेन काढून टिचबटणं लावली. वरचा खिसा कडब्यानं भरायचा, म्हणून तो आतल्या बाजूला घेतला. एका मामांनी सांगितलं, "कोट खाकी करा, मळखाऊ पायजे." केला.

खर्च असा आला. थर्मल १७०, बंडी कापड आणि शिलाईसह १९०, कोट कापड २१० अधिक शिलाई १२०, कानटोपी ४५, पिशवी १५. एकूण ७५० रुपये. विक्री ९५०. सुटा कोटही विकतो, कारण ज्याच्याकडं थर्मल आहे त्याच्या गळ्यात दुसरं मारायचं नाही.

पहिले २० सेट, गुंतवणूक १५,०००. पाच आठवड्यांत संपले, नफा ४,०००. मग ४० सेट केले, त्यातले संक्रांतीपर्यंत ३३ गेले. उरले ७, म्हणजे ५,२५० रुपये अडकले. आदल्या वर्षी अडकले होते २८,१६०. शिवाय खाकी कोटाची फॅशन जात नाही, पुढच्या दिवाळीत तो तसाच विकता येतो. नमुन्यांचे २,२५० रुपये मी खर्चात धरतो, ती माझी फी.

विक्री कुठं केली? दुकानात कमी, डेअरीवर जास्त. सकाळी साडेसहा ते साडेसात जिथं कॅन येतात तिथं कोट घालून उभा राहिलो. सगळं गिऱ्हाईक एकाच जागी, त्याच वेळी, थंडीत कुडकुडत! जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, जनावरांचा बाजारही भरतो. तिथंही पशुपालक भेटतात. पण तोवर सीझन संपत येतो, म्हणून माल दिवाळीआधीच तयार पाहिजे.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं

प्रत्येक पिशवीत मी एक चिठ्ठी घालतो. आपण कपडा विकतो तेव्हा तो वापरायची रीतही विकतो.

- कुट्टीपुढं मफलर, शाल, ओढणी, मोकळा पदर नको. पदर खोचून वरून कोट, बटणं पूर्ण लावलेली.
- फ्लीस आणि नायलॉन हे प्लास्टिकच्या जातीचे कपडे. ठिणगी लागली की वितळून कातडीला चिकटतात. चुलीपुढं, शेकोटीजवळ बसताना बंडी उघडी नको.
- घाम यायच्या आधी बंडी काढा, धारेला बसताना पुन्हा घाला.
- पाय कोरडे ठेवा. गमबूट आणि आत मोजे. धारेनंतर हात पुसून व्हॅसलिन किंवा खोबरेल.
- गोठ्याचे कपडे घरात नको. धुऊन उन्हात वाळवा.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

एवढ्या छोट्या धंद्याला मोठं कर्ज लागत नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्यात असा पहिला सीझन निघतो. सोबत शिवणारी माणसं असतील तर त्यांना पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती द्या, शिंपीकाम त्यातल्या १८ व्यवसायांत आहे. फक्त मालच विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्याशिवाय राज्यातल्या राज्यात विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती सहसा येत नाही. तरी ऑनलाइन किंवा परराज्यात विकायचं असेल तर आधी सीएला विचारा.

आणि हो, माझा कोट तुम्ही जसाच्या तसा उचलू नका. तुमच्या गावात कदाचित ऊसतोड असेल, द्राक्षाची बाग असेल, पहाटेचा भाजी लिलाव असेल. तिथली थंडी वेगळी, काम वेगळं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानातली एक वस्तू निवडा. ती घेणाऱ्या एका माणसाला विचारा, "ही कुठं आणि कशी वापरता?" जमलं तर तिथं जाऊन अर्धा तास उभे राहा आणि वहीत दहा ओळी लिहा. विकायचं काहीच नाही.

काकूंनी पहिल्या लॉटमधला कोट घेतला. मी पैसे घेत नव्हतो, त्यांनी ठेवलेच. "फुकट घेतलं तर चूक कशी सांगू तुला?" म्हणाल्या. तो अर्धा मफलर अजून माझ्या गल्ल्यामागं खिळ्याला टांगलेला आहे. लांब मफलर मी आजही विकतो, पण आधी विचारतो, "घरी कडबाकुट्टी आहे का?"